पाण्याखालच्या माशीचा वकील

कॉलेजच्या नियतकालिकात चरित्रलेख यायचा म्हणजे तो बहुधा एखाद्या देशभक्ताचा, संताचा किंवा मोठ्या शास्त्रज्ञाचा असतो. आज ज्यांची ओळख मी करून देणार आहे ते गृहस्थ यांपैकी कोणीच नव्हते. ते लंडनमधले एक वकील होते आणि सुटीच्या दिवशी नदीवर जाऊन गळाने मासे धरीत. त्यांचे नाव जॉर्ज एडवर्ड मॅकेन्झी स्क्यूज. जन्म १८५८, मृत्यू १९४९. क्रिकेटच्या शौकिनांत आमच्या इंदूरच्या सी. के. नायडूंचे नाव जसे आदराने निघते, तसेच ट्राउट नावाचा मासा धरणाऱ्यांच्या जगात आजही स्क्यूज यांचे नाव निघते.

मी इंदूरला प्राणिशास्त्र शिकवतो. मासे मी धरीत नाही आणि खातही नाही. मग हा माणूस मला जवळचा का वाटावा, असा प्रश्न वाचकांना पडेल. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी जी एक गोष्ट दरवर्षी शिकवू पाहतो, ती या वकिलाने जन्मभर आचरली आणि तिची किंमतही मोजली, हे त्याचे उत्तर. ती गोष्ट म्हणजे आधी पाहावे, मग मानावे. ऐकायला ही फार सोपी वाटते. ती किती अवघड आहे हे स्क्यूज यांच्या आयुष्यावरून कळते.

प्रथम या ट्राउट माशाविषयी थोडे सांगायला हवे, कारण आमच्या माळव्यात तो नाही आणि महाराष्ट्रातही नाही. त्याला थंड, वाहते आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पाणी वीस अंशांच्या वर तापू लागले की त्याचा जीव कासावीस होतो. मे महिन्यात पारा चाळीस ओलांडतो अशा इंदुरात त्याचा टिकाव लागणे शक्य नाही. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास त्याची अंडी बर्फात ठेवून काश्मिरात आणली आणि पुढे निलगिरीच्या थंड ओढ्यांतही त्याला रुजवले. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना निलगिरी तशी जवळचीच. आम्हा इंदूरकरांची नदी म्हणजे नर्मदा आणि तिचा मानाचा मासा म्हणजे महाशीर. मध्य प्रदेशाने २०११ मध्ये त्याला राज्याचा मासा म्हणून घोषित केले. मासे धरण्यापेक्षा माशांना खाऊ घालण्याचीच परंपरा आम्हाला अधिक ठाऊक आहे. महेश्वरी राहून राज्य करणाऱ्या अहिल्याबाई होळकर गुराढोरांसाठी आणि पाखरांसाठी जशी तरतूद करीत, तशी नदीतल्या माशांसाठीही करीत, असे सर जॉन माल्कम यांनी आपल्या ग्रंथात नमूद करून ठेवले आहे.

ट्राउट मुख्यतः पाण्यातले आणि पाण्यावरचे किडे खातो. हे किडे इतके नाजूक असतात की त्यांना गळावर टोचले तर त्यांचा चोळामोळा होतो. म्हणून शेकडो वर्षांपासून युरोपातले लोक रेशमाचा धागा, पक्ष्यांची पिसे आणि प्राण्यांची लव बारीक गळावर बांधून खोटा किडा तयार करीत आले आहेत. इंग्रजीत त्याला सरसकट माशी म्हणतात. आपणही माशीच म्हणू. माशाला फसवायला माशी, हा शब्दांचा मेळ आपल्या भाषेत आयताच जमून आला आहे.

आता ही माशी कशासारखी बांधायची, हा सगळ्या वादाचा गाभा. तो समजण्यासाठी किड्याचा जन्म ठाऊक हवा. इंदूरजवळचा सिरपूर तलाव होळकरांच्या काळात बांधला गेला आणि २०२२ पासून रामसर यादीत आहे. तेथे मी विद्यार्थ्यांना घेऊन जातो. काठच्या लव्हाळ्यावर चतुराची रिकामी कात चिकटलेली सापडते. पाठीवर उभी फाटलेली, पाय तसेच घट्ट रोवलेले. चतुराचे बालपण पाण्यात जाते. दिवस भरले की ते पिल्लू काडीवर चढते, त्याची पाठ उकलते आणि आतून पंखांचा चतुर बाहेर येतो. इंग्लंडच्या नद्यांतला जो किडा ट्राउटला प्रिय आहे, त्याला तिकडे मेफ्लाय म्हणतात. त्याचेही बालपण पाण्याच्या तळाशी जाते, बहुधा वर्षभर. फरक एवढाच की यातल्या बहुतेक जाती काडीवर चढत नाहीत. वेळ आली की पिल्लू तळ सोडून वर येते, पाण्याच्या पृष्ठभागाला अडते, तेथेच कात फोडते, ओले पंख उभारते आणि उडून जाते. पुढे पंख असलेल्या अवस्थेतच ते आणखी एकदा कात टाकते. असे करणारा दुसरा कोणताही कीटक नाही. मग काही तास, फार तर काही दिवस जगणे, अंडी घालणे आणि मरणे. पूर्ण वाढ झालेल्या मेफ्लायला कामाचे तोंडच नसते. जे खायचे ते त्याने पाण्यात असताना खाऊन घेतलेले असते.

या पाण्यातल्या पिल्लाला शास्त्रात निंफ म्हणतात. ग्रीक भाषेत हा शब्द जलदेवतेसाठीही वापरला जाई. आपल्याकडे नदीकाठी, विहिरीपाशी शेंदूर लावलेल्या साती आसरा असतात, त्यातलाच हा प्रकार. ही आसरा तळातून वर येते आणि पृष्ठभागाशी क्षणभर अडकते, तो क्षण तिच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा. पळता येत नाही, उडता येत नाही. ट्राउटला हे पक्के ठाऊक असते.

स्क्यूज यांचा जन्म न्यूफाउंडलंड बेटावर सेंट जॉन्स येथे १३ ऑगस्ट १८५८ रोजी झाला. वडील लष्करात शल्यवैद्य होते. कुटुंब मोठे आणि भावंडांत हे थोरले. लहानपणीच ते ब्रिटनमध्ये आले आणि चौदाव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून विंचेस्टर कॉलेज या नामांकित शाळेत दाखल झाले. त्या शाळेजवळून इचेन नदी वाहते. नदी नव्हे, काच. दक्षिण इंग्लंडात खडूच्या टेकड्या आहेत. पावसाचे पाणी त्या खडकात मुरते आणि झऱ्यांवाटे गाळून बाहेर येते. त्यामुळे या नद्यांना आपल्यासारखा गढूळ पूर येत नाही, पाण्याचे तापमान फारसे बदलत नाही, आणि तळाशी हिरवे शेवाळ हलताना काठावरून दिसते. ट्राउटही दिसतो, आणि ट्राउटला आपणही दिसतो. असा चतुर मासा धरायचा म्हणजे माशी हुबेहूब हवी. शाळकरी स्क्यूज यांना त्या पाण्याने लावलेला नाद मरेपर्यंत सुटला नाही.

शिक्षण संपल्यावर ते लंडनमधील वकिलांच्या एका पेढीत उमेदवारीला लागले, पुढे सॉलिसिटर झाले आणि त्याच पेढीत भागीदार झाले. लग्न केले नाही. आठवडाभर दस्तऐवज आणि सवड मिळाली की नदी, असा क्रम पन्नासाहून अधिक वर्षे चालला. १८८३ मध्ये त्यांना विंचेस्टरजवळ ॲबट्स बार्टन येथील इचेनच्या पाण्यावर मासे धरण्याचे आमंत्रण मिळाले. तिकडे नदीचा प्रत्येक तुकडा कोणाच्या तरी मालकीचा असतो, तेथे परवानगीशिवाय गळ टाकता येत नाही. ॲबट्स बार्टन हेच स्क्यूज यांचे विद्यापीठ झाले.

ते तेथे आले तेव्हा दक्षिणेच्या त्या नद्यांवर एका नव्या मताचा उदय होत होता. या मताचे आचार्य फ्रेडरिक हॅलफर्ड. त्यांनी १८८६ मध्ये तरंगणाऱ्या माशांवर, म्हणजे गळावरच्या माशांवर, पुस्तक लिहिले आणि १८८९ मध्ये दुसऱ्या ग्रंथात त्या पद्धतीचे शास्त्र मांडले. मत असे की माशी कोरडी असावी. ती पंख उभारलेल्या पूर्ण किड्यासारखी बांधावी, पृष्ठभागावर तरंगवावी, आणि तीही केवळ वर येऊन खाणाऱ्या, डोळ्यांनी हेरलेल्या माशापुढेच. हॅलफर्ड काही सामान्य माणूस नव्हते. किड्यांचा त्यांचा अभ्यास बारकाईचा होता आणि रंगांचे त्यांचे निरीक्षण अचूक होते. त्यांच्यामुळे एका छंदाला शिस्त आली. परंतु शिष्यांच्या हाती शिस्तीचे काय होते ते आपण आपल्या देशात पुष्कळ पाहिले आहे. थोड्याच वर्षांत कोरडी माशी ही सोवळ्यातली ठरली आणि ओली माशी ओवळ्यातली. पाण्याखाली माशी बुडवून मासा धरणारा माणूस सभ्य नव्हे, असेच दक्षिणेच्या नद्यांवर मानले जाऊ लागले.

ओली माशी मात्र फार जुनी होती. स्कॉटलंडच्या आणि यॉर्कशरच्या खळाळत्या नद्यांवर लोक ती पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले होते. डब्ल्यू. सी. स्ट्यूअर्ट या स्कॉटिश माणसाने १८५७ मध्ये आणि टी. ई. प्रिट यांनी यॉर्कशरच्या माशांवर १८८५ मध्ये पुस्तके लिहून ती नोंदवून ठेवली होती. या माशा दिसायला अगदी गरीब. अंगाला नुसता रेशमाचा धागा किंवा चिमूटभर लव, आणि मानेशी मऊ पिसाचे एकदोन वेढे. पंख नाहीत, थाट नाही.

पिसाच्या मऊपणाला येथे फार महत्त्व आहे. कोंबड्याच्या मानेचे पीस ताठ आणि चकचकीत असते. ते गळाभोवती गुंडाळले की त्याचे केस चहूबाजूंनी काट्यासारखे उभे राहतात आणि माशीला पाण्यावर तोलून धरतात. कोरडी माशी अशा पिसाची. उलट कोंबडीचे, तित्तिराचे किंवा साळुंकीच्या जातकुळीतल्या स्टार्लिंग पक्ष्याचे पीस मऊ. ते पाणी शोषते, बुडते, आणि त्याचे केस मागे झुकून प्रवाहाबरोबर हलत राहतात, जणू पाय मारणारा जिवंत किडा. मी हे वर्गात करून दाखवतो. एका गळावर कोंबड्याचे पीस आणि दुसऱ्यावर कोंबडीचे पीस दोन वेढे देऊन बांधतो आणि दोन्ही पाण्याच्या पेल्यात सोडतो. पहिला पाण्यावर अडून बसतो. दुसरा हळूहळू खाली जातो, आणि पेला जरा हलवला की त्याचे पाय चालू लागतात. मुले हसतात, मग गप्प होऊन पाहू लागतात.

स्क्यूज यांनीही सुरुवात हॅलफर्डचे शिष्य म्हणूनच केली. पण १८९० नंतरच्या काही वर्षांत त्यांना एक चमत्कारिक अनुभव येऊ लागला. त्यांच्याजवळच्या काही माशांचे पीस निकृष्ट निघाले. त्या तरंगेनात, बुडू लागल्या. आणि त्या बुडालेल्या माशाच ट्राउट घेऊ लागले, तेही इचेनसारख्या नदीत, जेथे असे घडणे शक्यच नाही असे सगळे म्हणत होते. दुसरा कोणी असता तर विकणाऱ्याला दोष देऊन चांगल्या पिसाच्या माशा घेऊन आला असता. स्क्यूज विचारात पडले. हा अपघात म्हणायचा की पुरावा, असा वकिली प्रश्न त्यांनी स्वतःला घातला.

त्यांनी पुरावा जमवायला सुरुवात केली. काठावरून माशांकडे पाहताना त्यांच्या ध्यानात आले की पाण्यावर वर्तुळ उठले म्हणजे मासा वरचाच किडा खातो असे नाही. पृष्ठभागाच्या बोटभर खाली तो वर येणारी निंफ टिपतो, त्याच्या पाठीने किंवा शेपटीने पाणी हलते, आणि माणूस फसतो. पण दिसणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. तेव्हा त्यांनी साक्षीदारालाच बोलते केले. हाडातला मगज काढून खाण्यासाठी इंग्रजांच्या जेवणात एक लांब, अरुंद चमचा असे. तो धरलेल्या, मेलेल्या ट्राउटच्या घशातून पोटात घालायचा, आतले अन्न अलगद बाहेर काढायचे आणि पांढऱ्या बशीत पाणी घालून त्यात पसरायचे. पाण्यात ते किडे सुटे होतात, आणि मासा शेवटी काय खात होता त्याचा पंचनामा समोर उभा राहतो. पंखांचे किडे थोडे, निंफ पुष्कळ. काही तर बशीत अजून हलत असत.

प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. माशांची पोटे हॅलफर्ड यांनीही तपासली होती. त्यातल्या निंफ त्यांनीही पाहिल्या आणि आपल्या ग्रंथात ते प्रामाणिकपणे लिहिलेही. परंतु निंफेची ती हालचाल पिसाने साधता येणार नाही, तेव्हा तिची नक्कल व्यर्थ, असा निष्कर्ष काढून त्यांनी तो विषय बाजूला ठेवला. म्हणजे दोघांपुढे पुरावा एकच होता. एकाने तो आपल्या मतात बसवला, दुसऱ्याने त्या पुराव्यासाठी आपले मत बदलले. नुसते डोळे उघडे असून भागत नाही, ते येथे कळते.

मग स्क्यूज बशीतल्या त्या साक्षीदारांना समोर ठेवून माशा बांधू लागले. बारीक गळ, चौदा किंवा सोळा नंबरचा. या धंद्यात नंबर जेवढा मोठा तेवढा गळ लहान. रेशमाच्या धाग्याला मेण चोळायचे, त्यावर लवेचे चारदोन केस बोटांनी पिळायचे, आणि तो लवदार धागा गळाच्या दांड्यावर गुंडाळायचा. शेपटीकडे निमुळता, खांद्याशी जरा फुगीर, कारण उडायला टेकलेल्या निंफेचे मिटलेले पंख तेथे कुबडासारखे दिसतात. वर बारीक सोनेरी तारेचे दोनतीन वेढे, अंगावरच्या वळ्यांसाठी. शेवटी मानेशी मऊ, आखूड पिसाचा एक, फार तर दोन वेढे आणि गाठ. सारे अर्ध्या इंचात. महेश्वरच्या मागावर जरीची नाजूक किनार उतरताना पाहिली की मला हे काम आठवते. दोन्हीकडे हात कमी आणि नजर जास्त लागते. कोरडा असताना हा बांधलेला किडा ओबडधोबड दिसतो. भिजला की लवेच्या केसांत प्रकाश अडकतो आणि त्यात जीव आल्यासारखा वाटतो.

याच्यामागे प्रकाशाचे शास्त्रही आहे, आणि माशाला जग कसे दिसत असेल यावर स्क्यूज यांनी पुष्कळ विचार केला. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला डोक्यावर एक गोल खिडकी दिसते. तिच्यापलीकडे पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि त्यात तळाचे प्रतिबिंब पडते. भौतिकशास्त्राचे विद्यार्थी गणित करून पाहू शकतील. एक फूट खोल असलेल्या माशाची ही खिडकी सुमारे सव्वादोन फूट व्यासाची असते. पाण्यावर तरंगणारी माशी खिडकीबाहेर असताना माशाला तिचे फक्त पाय टेकलेले ठिपके आरशात दिसतात. पाण्याखालची निंफ मात्र त्याला लांबूनच सबंध दिसते. तेव्हा ट्राउटने निंफेला पसंती दिली तर त्यात नवल काय?

१९१० मध्ये स्क्यूज यांचे पहिले पुस्तक निघाले. खडूच्या नद्यांवरील किरकोळ डावपेच, असे त्याचे नाव सांगता येईल. नावातच नम्रता होती. कोरडी माशी टाकून द्या असे त्यांनी कुठेही म्हटले नाही. मासा वरचा किडा खात असेल तर कोरडी माशी टाका, मीही तेच करतो, पण तो खालचा खात असेल तर खालची टाका, एवढेच त्यांचे म्हणणे. १९२१ मध्ये दुसरे पुस्तक आले आणि त्यात निंफ बांधण्याची त्यांची कला परिपक्व झालेली दिसते. पहिल्या पुस्तकानंतरची एक गोष्ट सांगतात. लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये हॅलफर्ड यांनी त्यांना गाठून बजावले की तुम्ही लिहिता त्या रीतीने इचेनवर मासे धरता येणे शक्य नाही. स्क्यूज यांनी शांतपणे कळवले की मी ते धरले आहेत. गोष्ट छोटी आहे, पण एक पक्ष ग्रंथाच्या आधारे बोलत होता आणि दुसरा टोपलीच्या, हे तिच्यातून छान दिसते.

हॅलफर्ड १९१४ मध्ये वारले. त्यांचे मत मात्र वारले नाही. आचार्य हयात असतो तोवर त्याच्याशी वाद घालता येतो. तो गेला की त्याची वचने उरतात, आणि वचनांशी वाद घालता येत नाही. पुढची पंचवीस वर्षे स्क्यूज नियतकालिकांतून लिहीत राहिले, कधी स्वतःच्या नावाने, कधी टोपणनावाने. सीफोर्थ अँड सोफोर्थ असे एक गमतीदार टोपणनाव त्यांनी घेतले होते. वयाबरोबर त्यांचा विनोद कमी झाला नाही आणि पुराव्याचा हट्टही.

फेब्रुवारी १९३८ मध्ये फ्लायफिशर्स क्लबमध्ये निंफ वापरणे योग्य की अयोग्य यावर रीतसर चर्चा झाली. स्क्यूज तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते. बशीतले किडे त्यांनी अनेक वर्षे मोजले होते. सभेचा सूर मात्र बहुतांशी त्यांच्या विरुद्ध होता. निंफेने मासे लागत नाहीत, हे म्हणणे आता टिकण्यासारखे नव्हते. म्हणून आक्षेपाने रूप बदलले. ती लागते हे खरे, पण ती लावणे खानदानी नव्हे. प्रश्न खरे काय हा होता, तो शोभते काय असा झाला. आपल्याकडच्या सभांतूनही वाद हरू लागलेला पक्ष पुष्कळदा हीच वाट धरतो. ॲबट्स बार्टनच्या पाण्यावरचे सोबतीही त्यांच्या पद्धतीवर नाराज होते. त्याच वर्षाचा हंगाम संपल्यावर स्क्यूज यांनी ते पाणी सोडले. १८८३ पासून ज्या काठावर ते उभे राहत आले, तो काठ त्यांना ऐंशीव्या वर्षी परका झाला.

दुसरा माणूस खचला असता. स्क्यूज यांनी १९३९ मध्ये निंफेवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले, शांत, नेमके, कोणावरही राग न धरता लिहिलेले. १९४० मध्ये वकिलीतून निवृत्त होऊन ते विल्टशरमध्ये नॅडर नदीकाठी राहायला गेले आणि दुसरे महायुद्ध चालू असताना, वय पंच्याऐंशीच्या घरात असताना, तेथे मासे धरीत राहिले. याच काळात फ्रँक सॉयर नावाच्या एका नदीरक्षकाशी त्यांचा पत्रव्यवहार जमला. सॉयर पगारी माणूस, एव्हन नदीची निगा राखणारा, मोठ्या शाळेत न गेलेला. पण निंफ त्याने रोज डोळ्यांनी पाहिलेली. म्हाताऱ्या वकिलाने त्याला लिहायला उत्तेजन दिले. सॉयरने फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे केस आणि तांब्याची तार, एवढ्यावरच एक निंफ बांधली. ती आज जगभर वापरली जाते. आचार्यपद मिळाले असते तर स्क्यूज यांनी कदाचित आपलीच निंफ शिष्यांकडून गिरवून घेतली असती. त्यांनी शिष्याला निंफ दिली नाही, पाहण्याची सवय दिली. म्हणून शिष्य त्यांच्या पुढे गेला. सॉयरच्या निंफेला मानेशी मऊ पीससुद्धा नाही.

९ ऑगस्ट १९४९ रोजी, एक्क्याण्णव पूर्ण व्हायला चार दिवस असताना, स्क्यूज वारले. त्यांची रक्षा इचेनच्या काठी विखुरण्यात आली. ज्या पाण्यावरून त्यांना जावे लागले तेच पाणी. आज तेथे त्यांच्या स्मरणार्थ एक आसन आहे.

हे सारे दूरच्या देशातले आणि श्रीमंतांच्या छंदातले, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी इंदूरचे एक उदाहरण देतो. १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ इंदूरला इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री या संस्थेचे संचालक झाले. आमचे कृषी महाविद्यालय आज त्याच आवारात आहे. पिकावर कीड पडली की औषध मारा, असे त्यांच्या शास्त्राचे पंडित सांगत. हॉवर्ड यांनी किडीलाच गुरू मानले. ती कोणत्या रोपावर पडते, कोणत्यावर पडत नाही, हे त्यांनी पाहिले आणि रोपाचे आरोग्य मातीत शोधले. पालापाचोळा, शेण आणि माती यांचे थर रचून खत करण्याची जी रीत त्यांनी बसवली, ती जगात इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. १९३१ मध्ये त्यावर जे पुस्तक निघाले, त्याचे सहलेखक त्यांचे मराठी सहकारी यशवंत वाड होते. हॉवर्ड आणि स्क्यूज यांची भेट झाल्याचे मी कुठे वाचलेले नाही, पण दोघे एकाच घराण्याचे. एकाने माशाच्या पोटात पाहिले, दुसऱ्याने मातीच्या.

माझ्या विद्यार्थ्यांपैकी फार थोडे पुढे शास्त्रज्ञ होतात. बाकीचे बँकेत जातात, वकील होतात, दुकाने चालवतात, शाळेत शिकवतात. त्यांनाही त्यांच्या धंद्यातले सोवळे-ओवळे भेटणारच आहे. असेच करायचे असते, कारण असेच करतात, हे वाक्य त्यांना पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल. त्या वेळी भांडण करू नये. स्क्यूज यांनीही केले नाही. चमचा आणि पांढरी बशी जवळ ठेवावी, जे सापडेल ते नोंदवावे, आणि नोंद मताच्या उलट आली तर मत बदलावे. याने लोक आपल्याला मानतील, याची हमी मी देऊ शकत नाही. स्क्यूज यांना त्यांच्याच क्लबात मानले नाही. पण ट्राउट मात्र त्या सभेला आलेला नव्हता, आणि त्या सभेत काय ठरले हे त्याला कधी कळलेही नाही. तो आजही पाण्याच्या बोटभर खाली, तळातून वर येणारी निंफ टिपतोच आहे.